सासूबाई आणि दोन बिननावाचे ठिपके

मी घरजावई. त्यामुळे सासूबाईंची शिस्त मला दुप्पट लागू. बाजारात निघालो की त्या म्हणणार, "दूध, टोमॅटो आणि साबण." मी "हो" म्हटलं की दारातच अडवणार. "नुसतं हो काय? काय आणणार ते सांगा, जावईबापू." मग मी पोपटासारखं म्हणून दाखवायचं, तेव्हा सुटका. तीस वर्षं विमानतळावर रडारसमोर बसलेल्या बाईंची ही सवय. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली नाही, तर ती पोचली असं त्या धरतच नाहीत.

यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, पण विमानतळावरच्या त्यांच्या साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस ते मागे उभं राहून बघणार होते. जमलं तर रडारसमोरची खुर्ची कायम, नाहीतर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं फायलींच्या खोलीत. त्या सकाळी सासूबाईंनी मला काहीच आणायला सांगितलं नाही. मला धडकीच भरली.

पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. अकराच्या सुमारास सात विमानं उतरायला आली होती. रडारचा अँटेना चार सेकंदांत एक फेरी मारतो आणि जाता जाता प्रत्येक विमानाला विचारतो, कोण तू, किती उंचीवर? विमानातलं यंत्र उत्तर देतं आणि पडद्यावर ठिपक्याशेजारी नंबर नि उंची उमटते. मध्येच एका विमानाचं यंत्र मुकं झालं. विमानावर आपटून परत येणाऱ्या लहरींचा नुसता ठिपका उरला. आणि नेमका त्याच भागात आणखी एक बिननावाचा ठिपका फिरत होता, सरावाचं कुठलंसं वाट चुकलेलं छोटं विमान. एक पुढे, एक मागे. यातला आपला कोणता?

सासूबाईंनी बाकीच्यांना लांब थोपवलं आणि मुक्या विमानाच्या वैमानिकाला रेडिओवरून तीस अंश डावीकडे वळायला सांगितलं. त्याने परत म्हणून दाखवलं. दोन-तीन फेऱ्यांनी पुढचा ठिपका डावीकडे वळला.

"हाच तो," साहेब मागून म्हणाले. "घ्या आता दुसऱ्यांना खाली."

सासूबाई पडद्याकडेच बघत राहिल्या. साहेबांना वाटलं, संपलं, बाईंना दिसत नाहीये. पण मागचा ठिपकाही जरासा तिरका होत होता, आणि तो त्यांना दिसला होता.

"आता उजवीकडे तीस," त्यांनी वैमानिकाला सांगितलं.

पुन्हा फेऱ्या मोजल्या. या वेळी मागचाच वळला. पुढचा ढिम्म, आपल्याच नादात. साहेबांचं ऐकलं असतं, तर आपल्या मुक्या विमानाच्या वाटेत दुसरं विमान गेलं असतं. दहा मिनिटांनी मुकं विमान धावपट्टीवर टेकलं आणि साहेबांनी रुमालाने मान पुसली.

"डोळे ठीक आहेत तुमचे," ते म्हणाले.

"डोळ्यांचं काय घेऊन बसलात? मी दोनदा विचारते."

संध्याकाळी दारातूनच त्या म्हणाल्या, "खुर्ची माझीच. साहेबांनी सही केली."

इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. बायको हातातलं काम टाकून धावत आली.

"आई, परत सांग."

"खुर्ची माझीच. साहेबांनी सही केली."

"परत."

तिसऱ्या वेळी मात्र सासूबाईंना बोलवेना. मग त्यांच्या वतीने मीच म्हणून दाखवलं.