मानाची जोडी आमच्या दारात

गेल्या वर्षीच्या पोळ्यापासून बैलांच्या खुरांचा आवाज दाराशी आला की माझ्या हातातलं काम तसंच राहतं. हे कुणाला सांगावं म्हटलं तर माझ्याच्यानं होत नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी पदर सावरत मागं सरते. म्हणून मुलीच्या जुन्या वहीत पानं उरली होती, त्यात लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

आमच्या गावावर मालकांचं राज्य होतं. त्यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं, सगळे मालकच म्हणायचे. सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव सुटली की मालकीणबाई सरपंच व्हायच्या. दुसऱ्या कुणासाठी सुटली तर त्यांचा सालगडी व्हायचा. तो पंचायतीत जाऊन सही करायचा आणि परत मालकांच्या गोठ्यात शेण काढायला लागायचा. यात काही वेगळं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

सासूबाई सांगायच्या की हे राज्य पेवातून आलं. निजामाच्या काळात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मालकांच्या आजोबांनी जमिनीतलं ज्वारीचं पेव उघडलं आणि गावाला खाऊ घातलं. त्या वर्षी पोळ्याला गावानं आपण होऊन त्यांची बैलजोडी पुढं घातली. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखालून पहिली जाते ती मानाची जोडी. ती जिकडे जाईल तिकडे गावातले सगळे बैल तिच्या मागं जातात. आधी मारुतीचं देऊळ, मग मालकांचं दार. तिथं मालकीणबाई बैलांचे पाय धुवायच्या, ओवाळायच्या, पोळीचा घास द्यायच्या, आणि मग लोक आपापल्या घरी पांगायचे. पेव कधीच रिकामं झालं होतं, पण मान तसाच चालत आला होता.

मी नवी नवरी असताना एका पोळ्याला एक तरुण शेतकरी आपली जोडी तोरणाखालून आधी घेऊन गेला. गंमत म्हणून गेला असेल. मालक नुसते हसले. कुणी कुणावर ओरडलं नाही. पण पुढं ज्वारीच्या पेरणीला त्याची बायको आमच्याकडे तिफण मागायला आली, तेव्हा माझे सासरे म्हणाले, "मोडलीय." तिफण समोर लिंबाला टेकून उभी होती, धडधाकट. मी हातात झाडणी घेऊन उभी होते. त्या बाईनं तिफणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. तिला गावातल्या प्रत्येक दारात हेच उत्तर मिळालं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची वेळ आली तर मुकादमानं त्यांचा कोयता घेतला नाही. नवराबायको दोघं मिळून एक कोयता धरतात आमच्याकडे. शेवटी ते दोघं दुसऱ्या कुणाबरोबर गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या घरावर आता येडी बाभळ उगवली आहे.

पुढं ट्रॅक्टर आले आणि मालकांनी बैल विकले. पण पोळ्याला जोडी तर पाहिजेच. गावात बैल होते, पण मिरवावी अशी धड जोडी एकच उरली होती, आमची. एक तांबडा, एक पांढरा. मग दर वर्षी आमचे बैल मालकांचे म्हणून तोरणाखालून जायला लागले. मी त्यांची शिंगं रंगवायची, गोंडे बांधायची आणि दुसऱ्याच्या दारात पाठवून द्यायची. दिवस कलला की बैल पोटभर खाऊन घरी यायचे. माझा नैवेद्य ते नुसता हुंगायचे.

तरी मालकांचा मला राग आला नाही, हेही खरं लिहिते. कारण आदल्या दिवशी खांदेमळणीला ते स्वतः चालत यायचे. गुडघे धरून बसायचे, हळद-लोणी आपल्या हातानं बैलांच्या खांद्याला चोळायचे, कानाशी तोंड नेऊन म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग कारभाऱ्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारायचे, "पांढऱ्याचा मागचा पाय कसा हाय आता?" एवढ्या मोठ्या माणसाच्या हे ध्यानात असायचं. कारभारी त्या एका वाक्यावर वर्षभर त्यांचे होऊन राहायचे.

गेल्या वर्षी मालकांचे गुडघे फारच गेले होते. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि या खेपेला कासरा पोराच्या हातात द्यायचा असं त्यांनी ठरवलं होतं. पुढं कोण आहे ते गावाला दिसावं म्हणून. पोरगं तिशीचं, सगळे त्याला भैय्यासाहेब म्हणायचे. गावात कमी आणि मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर जास्त दिसायचं.

खांदेमळणीला कुणीच आलं नाही. पोळ्याच्या सकाळी एक टेम्पो आला. आमचं घर ते मालकांचं घर, मधे दोनशे पावलंसुद्धा नसतील.

"ह्यात घालायचे बैल?" कारभारी म्हणाले. "आवं, चालत येतेत की ती."

"भैय्यासाहेब म्हणले टेम्पोतच आण. शिंगाचा रंग खराब व्हईल," ड्रायव्हर म्हणाला. "मला काय करायचंय, मी हुकमाचा ताबेदार."

तांबड्यानं फळीवर पाय ठेवायला नको म्हटलं, तर ड्रायव्हरनं शेपटी पिरगाळली. मी दारात उभी राहून बघत होते.

दुपार कलल्यावर हलगी वाजायला लागली. मी चुलीपुढं पोळ्या करत होते. आवाज वेशीतून देवळाकडे गेला. देवळापासून डावीकडे मालकांचा बंगला आणि उजवीकडे आमची गल्ली. आवाज आता लांब जाणार म्हणून मी तव्यावरची पोळी उलटली, तर तो जवळ यायला लागला. मला वाटलं आपले कान वाजताहेत. बाहेर आले, तर दारात तांबड्याचं बाशिंग बांधलेलं कपाळ. शेजारी पांढरा. आणि त्यांच्या मागं आमची अख्खी गल्ली शिंगांनी भरलेली. गावातले सगळे बैल, त्यांच्या मागं सगळी माणसं.

काय झालं ते मला नंतर कळलं. बैल सकाळपासून बंगल्याच्या पत्र्याखाली बांधून ठेवले होते, त्यांना कुणी पाणी दाखवलं नव्हतं. पोराच्या एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातात मोबाईल, स्वतःचाच फोटो काढत चाललेला. देवळापाशी पांढरा घराकडे वळला. पोरानं जोरात हिसका दिला, "ए, हिकडं बे!" पांढऱ्यानं मान झाडली. कासरा सुटला आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेलं ते पोरगं चिखलात बसलं. पारावर एक म्हातारे होते, ते म्हणाले, "भैय्यासाहेब, बैलाला बिरेक नसतो." आणि कुणीतरी हसलं.

मालकांच्या माणसावर भर दिवसा, चारचौघांत कुणी हसलं होतं. तरीही लोक डावीकडे वळू शकले असते. बंगल्याच्या फाटकात मालकीणबाई ताट घेऊन उभ्या दिसत होत्या. सगळ्यांनी एकदा तिकडे पाहिलं, असं शेजारीण सांगते. आणि मग मानाची जोडी गेली तिकडे सगळे गेले. कुणी ठरवलं नाही, कुणी सांगितलं नाही. एवढ्या वर्षांचं राज्य तेवढ्यात संपलं. राजाचं राज्य लढाईत जातं असं मला शाळेपासून वाटत होतं.

कारभारी गर्दीतून ओरडत आले, "हाकल त्यांना! म्हागं वळव! बघतीस काय!" त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मला ते बाभळीखाली गेलेलं घर दिसलं. आमची मुलगी लग्नाची आहे. आम्हीही दर वर्षी ऊसतोडीला जातो. बैलांना नुसतं "होऽ" करून हाकारलं असतं तरी ते माघारी फिरले असते, माझं ऐकतात ते. पांढऱ्यानं माझ्या पायाजवळच्या बादलीत तोंड घातलं आणि श्वास न घेता पाणी प्यायला लागला. हलगी थांबली. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी वर मान केलीच नाही. तांब्या घेतला आणि तांबड्याच्या उजव्या पायावर पाणी घातलं. मग डाव्या. सात-आठ वर्षांत पहिल्यांदा पोळ्याच्या उन्हात माझ्या बैलांचे पाय मी धुतले. निम्मं पाणी माझ्याच पायावर पडलं. शेजारीण न सांगता कुंकवाची वाटी घेऊन आली.

त्या संध्याकाळी आम्ही कुणी जेवलो नाही. आता काय होईल म्हणून बसून राहिलो. सकाळी मालक आले, एकटे, काठी टेकत. डोक्याला फेटा नव्हता. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं डोकं मी कधी उघडं पाहिलं नव्हतं. ते सरळ बैलांपाशी गेले आणि पांढऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खांदं मळलं न्हाईत कुणी," ते म्हणाले.

"न्हाई मालक," कारभारी म्हणाले. "आमची चूक झाली. आमी..."

"तुमची कशी? दिवसभर तानली जनावरं माझ्या दारात." मग माझ्याकडे वळले. "पाय तूच धुतलेस का बाई?"

मी मान हलवली. आता शिव्या बसतील म्हणून पदर घट्ट धरला होता.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि गेले. गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं बसली होती. मालक समोरून जाताना ती उठली नाहीत. मला ते बघवेना, मी आत गेले.

निवडणुकीत पोरगं पडलं. आमच्यावर काहीच आलं नाही. मुकादमानं आमचा कोयता घेतला. मला वाटलं, सुटलो.

पण चहाच्या टपरीवर लोक कारभाऱ्यांना हाक मारायला लागले, "या मानकरी, बसा." पहिल्यांदा ते हसून लाजायचे. मग हसेनासे झाले, नुसते जाऊन बसायचे, आणि कुणीतरी उठून जागा द्यायचं. यंदा पोळ्याच्या आधी त्यांनी नवा फेटा आणला.

"औंदा ताट मोठं घे," मला म्हणाले. "लोकं येतील."

"कावून? ज्याची बैलं त्याच्या दारात जाऊ द्या की."

"तुला काय कळतंय त्यातलं. मान हाय आपला."

पोळ्याला वेशीत सगळे उभे होते. तेवढ्यात एका पोरानं फटाका लावला आणि गावात एकजण मेंढरं राखतो, त्या मेंढरंवाल्याची नवी जोडी उधळली. ती त्याला घेऊनच तोरणाखालून पार झाली. तो बिचारा कासऱ्याला लोंबकळत ओरडत होता, "आरं धरा, धरा!" लोक पोट धरून हसले. मी कारभाऱ्यांकडे पाहिलं. तेही हसत होते, आवाज न करता, ओठ मिटून. ते हसू मी आधी एकदाच पाहिलं होतं, नवी नवरी असताना, मालकांच्या तोंडावर. या माणसाबरोबर मी वीस वर्षं एका कोयत्यावर ऊस तोडला आहे.

परवा पेरणीला मेंढरंवाल्याची बायको आमच्या दारात आली. तिच्याजवळ जमिनीचा तुकडाच आहे, तिथं ट्रॅक्टर वळत नाही.

"दादा, एक दिवस तिफण द्या की. उद्या दिस मावळायच्या आत आणून देते."

कारभारी बाजेवर पडले होते. उठले नाहीत.

"मोडलीय."

तिफण लिंबाला टेकून उभी होती. तिनं तिफणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली आणि वळली.

"थांब," मी म्हणाले. ते इतक्या मोठ्यानं निघालं की बाजेखालचं कुत्रं उठून पळालं. मी तिफणीपाशी गेले आणि एक बाजू उचलली. जड असते ती, एकटीला उचलत नाही. "धर तिकडून."

ती कारभाऱ्यांकडे बघत उभी राहिली.

"माझ्याकडं बघ," मी म्हणाले. "धर."

आम्ही दोघी तिफण घेऊन बाजेसमोरून गेलो. "आगं ए..." एवढं ऐकू आलं, पुढचं नाही. तिच्या शेतापर्यंत मी गेले.

तिफण तिनं काल परत आणली, धुऊन, होती त्याच जागी टेकवून ठेवली. कारभारी अजून माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी वाढली की मान खाली घालून खातात. नवा फेटा खुंटीला आहे.