गोळीवरचा आळ

लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या बाबांचा. गिरणीच्या खडखडाटावर बोलायची सवय असलेला त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जायचा. प्रत्येक मागणीनंतर ते थांबायचे आणि आम्ही सगळे ओरडायचो, "व्हय म्हाराजा!"

त्या वर्षी ते मध्येच थांबले. पुढचं आठवेना. आम्हाला काय कळणार? ते थांबले म्हणजे आपली पाळी, म्हणून आम्ही जोरात म्हणालो, "व्हय म्हाराजा!" ते तसेच गप्प. आम्ही पुन्हा, "व्हय म्हाराजा!" मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. बाबांचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरात येताच त्यांनी गुन्हेगार जाहीर केला. "ह्या कोलेस्टेरॉलच्या गोळयेनच माझा डोक्या खाल्ल्यान!" व्हॉट्सअॅपवर त्यांना कुणीतरी तसं पाठवलं होतं. एरवी असल्या फॉरवर्डना मी केराची टोपली दाखवते. हा मात्र पुन्हा पुन्हा वाचला, कारण तो खरा असावा असं मला फार वाटत होतं. गोळी बंद करता येते, म्हातारपण कुठे बंद करता येतं?

परळच्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बहुतेकांना हिच्यामुळे विसरायला होत नाही. क्वचित कुणाला तसं जाणवतं, आणि थांबवली की बरं वाटतं. माझ्या देखरेखीखाली थोडे दिवस थांबवून बघू. पण आपल्या मनाने कधी बंद करू नका, हृदयाला महागात पडेल."

ते दिवस किती आशेचे गेले! बाबा सकाळी गॅलरीत उभे राहून गाऱ्हाणं घोकायचे आणि मी आतून, कांदा चिरता चिरता, "व्हय म्हाराजा" करायचे. एकदा तर त्यांनी ते न अडखळता पुरं केलं. मी लगेच शिरा केला. मग एका दुपारी त्यांचा हिंदमातावरून फोन आला. सगळा जन्म ज्या भागात गेला तिथेच उभे राहून विचारत होते, "गो, आपला घर खंयच्या बाजूक?"

गोळी पुन्हा सुरू झाली. ती निर्दोष सुटली आणि मला रडू फुटलं. तिच्यावर आळ घेता येत होता तोवर माझे बाबा मला परत मिळणार होते.

यंदाही चाळीने मान त्यांनाच दिला. "बा देवा म्हाराजा," एवढं म्हणून ते थांबले. या वेळी कुणी हसलं नाही. सगळे हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा." हात जोडून, आमच्या आवाजात आवाज मिसळून बाबाही म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मग माझ्याकडे वळून कुजबुजले, "गाऱ्हाणा कोण घालता गो? काय आयकाक येणा नाय."