कोरी म्हणून बाजूला ठेवलेली डिस्क

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कळंब रस्त्याच्या कडेला एका कामगाराचं प्रेत सापडलं. अज्ञात वाहनाची धडक म्हणून आम्ही गुन्हा नोंदवला. त्याची बायको मात्र सांगत राहिली, "डाळ मिलमधून फोन आला म्हणून गेले हुते, साहेब."

मिलचा मॅनेजर म्हणाला, "फोन केला व्हता. पण त्यो आलाच न्हाय."

आम्ही पंचनामा करून मिलच्या कॅमेऱ्यांची मोठी हार्ड डिस्क जप्त केली आणि ठाण्यातल्या कॉम्प्युटरला जोडली. पुराव्याची डिस्क आधी नक्कल न करता तशी जोडायलाच नको होती. पडद्यावर सूचना आली : वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "राहू दे. कोरीच दिसते." तसं मी त्या बाईलाही सांगितलं.

दोन दिवसांनी, डिस्क कोरी निघाल्याचं ऐकून, मिलमध्ये कॅमेरे बसवणाऱ्या ईट गावच्या मेकॅनिकचा फोन आला. "साहेब, ती कोरी न्हाय. म्याच लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केली हुती, ईएक्सटी-फोरमध्ये. जुन्या पद्धतीत चार जीबीच्या वरची फाईल बसत न्हाय, अन् लाईट गेली की नोंदी बिघडतात. तुमच्या विंडोजला ती वाचताच येत न्हाय."

सायबर शाखेने आधी डिस्कची नक्कल केली, मग ती लिनक्सवर उघडली. सगळं चित्रीकरण शाबूत होतं. अडकलेला माल काढायला कामगार यंत्राच्या खड्ड्यात उतरला होता आणि वर कोणीतरी पट्टा चालू केला होता. त्यानंतर चाळीस मिनिटं त्याचा हात हलत होता. दोघे जण काठावर उभे होते. शेवटी त्याला टेम्पोत टाकलं.

मॅनेजरला समोर बसवून मी पडदा त्याच्याकडे वळवला.

"दवाखान्यात का नेलं नाही?"

"मालक म्हणले, थांबा."

मालक आणि मॅनेजर, दोघांना अटक झाली. त्या संध्याकाळी कामगाराच्या बायकोने विचारलं, "लगेच गेला का जीव त्यांचा?"

मी म्हणालो, "हो, लगेच."

दोषारोपपत्रात मी चाळीस मिनिटं लिहिली. कोर्टात ते वाचलं गेलं, तेव्हा तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

वाचता येत नाही म्हणजे आत काही नाही, असं मी धरून चाललो होतो. ती चूक एका मेकॅनिकने सुधारली. दुसरी, तिला 'लगेच' म्हणण्याची चूक कोणी सुधारू शकत नव्हतं. खरं सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते कोर्टावर सोडलं.