तणसाजवळची आग

शाळेत मी हिंदी शिकवते. ‘आग यानी क्रोध, जल यानी शांति’ असं फळ्यावर लिहिते आणि पोरं निमूट उतरवून घेतात. पंधरा वर्षं हेच चाललंय. यंदाच्या चैतात सुट्टीला बिरसा गावाकडच्या आमच्या गावी गेले आणि माझी सगळी हुशारी मातीत गेली.

मोहाची फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची, ही आमच्याकडची रीत. मग फुलं वेचायला सोपी जातात. आईनं सकाळीच पाला पेटवला. मी प्यायच्या पाण्याची कळशी घेऊन सावलीत बसले होते. एकाएकी वारा फिरला, आग वाळल्या गवतात शिरली आणि घराकडे निघाली. घरामागं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, रचलेलं. त्याला लागून गोठा. गोठ्यात गाभण म्हैस.

मी काय केलं? धावत जाऊन अख्खी कळशी आगीवर ओतली. चर्र झालं, मूठभर वाफ निघाली, आणि आग बाजूनं पुढं गेली!

“अवं, प्याचं पानी काहून ओतलं? येवढी शिकली, अक्कल नाही आली!” आई ओरडली.

तिनं एक जळती फांदी उचलली आणि वळसा घालून तणसापुढच्या पायवाटेवर पोचली. तिथलं गवत तिनं स्वतःच पेटवायला घेतलं. मला वाटलं, म्हातारीला वेड लागलं. “आई, म्हैस सोड आधी!” मी किंचाळत होते. ती ऐकेल तर शपथ. पळसाच्या ओल्या डहाळीनं घराकडची बाजू झोडपत ती आपल्या आगीला समोरच्या आगीकडं हाकत होती, वासरू हाकावं तशी. दोन्ही आगी भिडल्या, पुरुषभर उंच उठल्या आणि पुढं जाळायला गवतच न उरल्यानं बसल्या. सत्तरीची माझी आई, पाचवारी खोचलेली, आणि तिच्यापुढं आग खाली बसलेली! मी हात जोडले, खरंच जोडले.

“आगीपुढचं ताट उचललं, झालं,” ती म्हणाली आणि धापा टाकत काळ्या गवतात बसली. ओठ पार सुकलेले. “पानी दे वं.”

कळशीच्या तळाशी दोन घोट असतील. त्यातला एक ओंजळीत घेऊन तिनं राखेच्या कडेनं फिरवला, रोज चुलीला पहिला घास देऊन पाणी फिरवते तसा.

“आई, तू पी ना आधी!”

“थांब. आपणच बलावलं होतं आगीले. उपाशी गेली. तशीच धाडू काय?”

उरलेला घोट ती पिईल म्हणून मी बघत होते. तिनं कळशी माझ्याकडं सरकवली.

“घे. धुरानं घसा बसला तुहा.”

मी रडत रडत प्याले.