कपाटात राहिलेली पदवी

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेत विज्ञानाच्या नवीन मॅडम रुजू झाल्या. वडनेरकडची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. तिने फोल्डरमधून गुणपत्रिका, टीसी, पदवी असे सगळे ओरिजनल कागद काढले आणि मी काही म्हणायच्या आत दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवले. आमच्या संस्थेत तशी पद्धतच आहे. माणूस रुजू झाला की त्याचे ओरिजनल जमा होतात, म्हणजे तो मध्येच नोकरी सोडून जात नाही. कपाटाची किल्ली मुख्याध्यापक म्हणून माझ्याकडे असते. मला एकदम राग आला. राग तिच्यावर नव्हता.

मी वऱ्हाडातल्या उंद्रीचा. वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे. पदवी घरी आणली तेव्हा त्यांनी विचारलं, "याच्यात तुहं नाव कुठी हाय?" मी दाखवलं. त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं आणि जागा लक्षात ठेवली. नंतर कोणी पाहुणा आला की ते पेटीतून कागद काढायचे आणि बरोबर तिथेच बोट ठेवून सांगायचे, हे आमच्या पोराचं नाव.

तीच पदवी घेऊन मी इजिप्तला गेलो. कैरोतल्या एका खाजगी इंग्रजी शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनी राहण्याच्या परवान्यासाठी पासपोर्ट मागितला. मी पासपोर्ट दिला आणि त्यावर पदवीही ठेवली. बाई म्हणाल्या, हिची झेरॉक्स पुरे. मी म्हटलं, "नाही मॅडम, ओरिजनलच ठेवा." इतक्या मोठ्या शाळेने मला घेतलं, तर कागद देऊन आपला भरवसा दाखवावा, असं मला वाटलं. त्यांनी खांदे उडवले आणि दोन्ही कागद डायरेक्टरच्या लोखंडी कपाटात गेले. परवान्याचा शिक्का बसल्यावर आयर्लंडहून शिकवायला आलेल्या एका मॅडमनी दुसऱ्याच दिवशी जाऊन आपला पासपोर्ट परत घेतला. मी कधी मागितलाच नाही.

सहामाही परीक्षा झाली आणि सरकारविरुद्ध शहर पेटलं. चौकात रणगाडे आले, फोन बंद पडले, बँका बंद, दुपारपासून संचारबंदी. सकाळच्या दोन-तीन तासांत भाकरी आणि वालासारख्या उकडलेल्या दाण्यांसाठी रांगेत उभं राहायचं आणि परत खोलीत येऊन पेपर तपासायचे. शंभरावर पेपर मी घरी आणले होते. फोन सुरू झाले तसा आईचा फोन आला. "टीव्हीवर पाहून राह्यलो आम्ही. तू काऊन येत नाहीस?" मी सांगितलं, येतो, दोन दिवसांत येतो.

आपल्या दूतावासाने विमानाची सोय केली होती. इमारतीचा राखणदार दारातल्या बाकावर बसलेला असायचा. दूर दक्षिणेकडच्या खेड्यातला म्हातारा. त्याच्या बोलीवर कैरोची माणसं हसायची, पुण्यात माझ्या बोलीवर हसायची तशीच, म्हणून आमचं जमायचं. त्याने विचारलं, पासपोर्ट कुठे आहे? मी म्हटलं, शाळेत.

"म्हणजे उस्ताद, तू शाळेत आहेस. इथे नुसता तुझा शर्ट उभा आहे." मग बाकावर हात आपटून म्हणाला, "मूर्खपणाचे सगळे किस्से हे कैरोवाले आम्हा दक्षिणवाल्यांवर रचतात. आता तुझा सांगायला पाहिजे."

मला हसू आलं नाही.

डायरेक्टर शाळेतच राहायचे. त्यांच्याकडे गेलो तर चहा दिला, आणि आधी पेपर पूर्ण करा, म्हणाले. मी खोलीवर आलो आणि दीड दिवसात सगळे पेपर तपासले. बेरजा दोनदा पाहिल्या. बाहेर गोळ्यांचे आवाज येत होते आणि मी कोणाचा अर्धा गुण सुटला का ते बघत होतो. लहानपणापासून हेच शिकलो होतो, आधी काम पुरं करायचं, मग तोंड उघडायचं. गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि मग कागद मागितले.

ते म्हणाले, शाळा लवकरच उघडेल, बाकीचे परदेशी शिक्षक पळाले, कागद वर्ष संपल्यावर मिळतील. आणि वर असंही म्हणाले, "आम्ही तुम्हाला इथे आणलं, हे विसरू नका."

दूतावासात फोन लावला. पासपोर्ट नसला तरी या, तात्पुरता कागद देऊ, असं तिथला माणूस म्हणाला. मी विचारलं, आणि पदवी? तो म्हणाला, पदवीचं आम्ही काय करणार. मी गेलो नाही. वडिलांनी बोट ठेवलेला तो कागद दुसऱ्याच्या कपाटात ठेवून मला निघता येईना. विमान माझ्याशिवाय गेलं. विद्यापीठात अर्ज केला की पदवीची दुसरी प्रत मिळते, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. आमच्या घरात, गल्लीत, हे सांगायला कोणी नव्हतं.

शाळा उघडली. गेलेल्यांचे तास माझ्यावर आले. गणिताबरोबर रसायन आणि भूगोलही. पालकांच्या सभेत डायरेक्टरनी मला स्टेजवर उभं केलं आणि सांगितलं, हे भारतीय शिक्षक, संकटात आपल्या मुलांना सोडून गेले नाहीत. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका आईच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी, ज्याला कपाटात कोंडलं होतं तो मी, हात जोडून वाकलो. त्या वाकण्याचा राग अजून गेलेला नाही.

वर्ष संपायच्या आधीच डायरेक्टर बायकामुलांना घेऊन परदेशी निघून गेले. ऑफिसातल्या बाईंनी कपाट उघडून माझे कागद दिले. म्हणाल्या, मी तेव्हाच सांगितलं होतं, झेरॉक्स पुरे.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा होईल असं वाटतं. मी घरी आलो, या संस्थेत नोकरी लागली, सचिवांनी ओरिजनल मागितले आणि मी दिले. ते त्यांच्या घरच्या कपाटात आहेत. मुख्याध्यापक झाल्यावर इतरांचे कागद मीच जमा करू लागलो. आजवर नऊ जणांचे केले.

तर त्या दिवशी मी ते कागद नवीन मॅडमकडे परत सरकवले आणि म्हटलं, झेरॉक्स द्या, हे घरी ठेवा. तिचा चेहरा उतरला.

"सर, माझी ऑर्डर कॅन्सल झाली का?"

तिचे वडील बाहेर निंबाखाली थांबले होते. ते आत आले. "काई चुकलं का इचं, सर?" नाही, म्हटलं. "मंग राहू द्या ना तुमच्याजवळ. आमच्या घरी लय उंदरं हायेत."

मी म्हटलं, डबा घ्या, पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. त्यांना ते पटलं नाही. जाताना ते दोघं माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांचं काही तरी काढून घेतलं.

मग मी कपाट उघडून आधीच्या नऊ जणांचे फोल्डर बाहेर काढले, ज्याचे त्याला दिले आणि सह्या घेतल्या. दोघांनी तर घाबरत घेतले.

संध्याकाळी सचिवांचा फोन आला. नवीन मॅडमचे ओरिजनल जमा झाले का? मी सांगितलं, नाही, आणि बाकीचेही परत दिले.

"सर, आम्ही तुम्हाले मुख्याध्यापक केलं, हे विसरू नका. आन् तुमचे कागद आमच्याकडेच हायेत."

"हो," मी म्हटलं. "तेच न्यायला सकाळी येतो."

फोन ठेवला आणि पेटीतून वडिलांचा जुना टॉवेल काढला. पदवी त्यातच गुंडाळून ठेवलेली असायची.