नातीच्या कपाळावरचं टेंगूळ

नवरा लूमवर कामाला होता तेव्हा त्याच्याबरोबर मी कधीमधी दारूचा एखादा घोट घ्यायचे, कंबर दुखते म्हणून. तो गेल्यावर कंबरेचं निमित्तही लागेना. गुजरातेत दारूबंदी आहे, पण भेस्तानला आमच्या मागच्या गल्लीत एक बाई प्लास्टिकच्या पोटल्यांत गावठी दारू विकायची. साड्यांना खडे चिकटवायचं काम मी घरीच करायचे. एक पोटली दुपारी, एक संध्याकाळी. वर बडीशेप चघळायची आणि समजायचं, कोणाला कळत नाही.

त्या दुपारी सून रेशनच्या रांगेत गेली होती. आठ महिन्यांची नात माझ्याजवळ पलंगावर होती. मला डोळा लागला. जाग आली ती सुनेच्या किंकाळीनं. पोर फरशीवर पडली होती, रडून रडून तिचा आवाज बसला होता, आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"आत्ताच पडली गं," मी म्हणाले.

सुनेला वास आला असणार. पण ती पोरीला उचलून आत गेली.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. टेंगूळ बघून बायकोवर भडकला. "लक्ष कुठं असतं तुझं?"

"माझ्याच हातून सटकली," सून म्हणाली.

तो तिला वाट्टेल तसं बोलला, तिच्या आईबापापर्यंत गेला. मी समोर बसून जेवत होते.  वर आणखी एक भाकरी मागून घेतली. त्या भाकरीची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं, "मी सोडते."

"मला नका सांगू, आई. सोडा."

पुढचे चार-पाच दिवस हात इतके थरथरत की खडा जागेवर बसेना. उलट्या, घाम. ती म्हणाली, "दवाखान्यात चला." मी गेले नाही. डॉक्टरला काय सांगणार, ही म्हातारी पिते? अशी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं, हे नंतर कळलं. ती पेज करून पुढ्यात ठेवायची. पोरीला मात्र नळावर जातानाही कडेवर घेऊन जायची.

महिन्याभरानं मी पुन्हा त्या गल्लीत गेले, प्यायले. घरी येऊन आपणहून सांगितलं. सून रडली. तेव्हापासून मी त्या गल्लीची वाटच सोडली. दुपारी काम घेऊन शेजारणीच्या ओट्यावर बसायला लागले, एकटं राहायचं नाही म्हणून.

मुलाला खरं सांगायला वर्ष लागलं. तो बायकोकडे वळला. "तू का नाही बोललीस?"

"आई सांगतील असं वाटलं."

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी चहा मागितला, एवढंच.

आता सून नातीला माझ्यापाशी ठेवून बाजारात जाते. जाताना शेजारणीला हळूच म्हणते, "जरा लक्ष असू द्या." मला ऐकू येतं. मी मान वर करत नाही.