बाबांचं ‘सावधान’ अजून यायचंय

माझ्या लग्नात गुरुजींना थांबवायची हिंमत एकाच बाईने केली.

वसुधाअक्काने.

ती गेली, त्याला आज वर्ष झालं. डोळे पुसत लिहावं लागेल असं वाटलं होतं, पण सकाळपासून तो दिवस आठवून हसतेच आहे.

अक्का आमच्या महादेवपुऱ्याच्या ऑफिसात नेटवर्क टीमची लीड. मी नाशिकहून आलेली, टीममध्ये सगळ्यात नवी. तिचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरूत. घरात मराठीच, पण तसली मराठी मी आधी कधी ऐकली नव्हती.

“स्वल्प थांब गं, सरी होईल सगळं.” हे तिने मला म्हटलेलं पहिलं वाक्य. सरी म्हणजे कानडीत ठीक.

पर्समध्ये केबल टेस्टर आणि कोडबळ्यांची, म्हणजे तिकडच्या कडबोळ्यांची, पुडी कायम. कुठे नेट बंद पडलं की आम्ही घाबरून सगळीकडे एकदम हात घालायचो. ती आधी जवळचं बघायची. वायर, मग राउटर, मग बाहेरचं.

आता लग्न.

आठवड्यावर आलं असताना बाबा नाशिकला अंगणात घसरून पडले. मांडीचं हाड. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं.

मी म्हटलं, लग्न पुढे ढकलू.

बाबा म्हणाले, “अजिबात नाही. मी इथून बघेन. आणि शेवटचं मंगलाष्टक मीच म्हणणार.”

आई नाही मला. बाबांनी ते मंगलाष्टक स्वतः रचलं होतं, महिनाभर खोडून खोडून.

प्रसादच्या, म्हणजे नवऱ्याच्या, घरच्यांनी बंगळुरूत हॉल घेतला होता छान, पण खालच्या मजल्यावर, अगदी आत. मोबाईलला रेंज नाही. सगळी भिस्त हॉलच्या वायफायवर.

मी मुंडावळ्या बांधून पाटावर उभी. समोर अंतरपाट. पलीकडे प्रसाद. कोपऱ्यात फोटोग्राफरचा लॅपटॉप, त्यावर बाबा दिसायला हवे होते.

स्क्रीनवर फक्त गोल फिरत होतं.

गुरुजींनी घसा खाकरला.

“गुरुजी, स्वल्प थांबा.” कांजीवरम नेसलेली अक्का थेट स्टेजवर.

“अहो ताई, मुहूर्त...”

“मुहूर्ताला वेळ आहे. मी घड्याळ बघितलंय.”

फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, वायफाय फुल आहे.”

“वायफाय फुल आहे, नेट नाही. दोन्ही वेगळं, अण्णा.”

साडी सावरत ती लॅपटॉपसमोर खाली बसली. मला राहवेना. अंतरपाटाआडून विचारलं, “अक्का, गेटवे पिंग होतोय का?”

पिंग म्हणजे समोरच्या मशीनला ‘आहेस का’ म्हणून हाक मारणं. गेटवे म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा.

“होतोय. बाहेरचं काहीच होत नाही.”

“ट्रेसराउट लाव ना.” निरोप वाटेत कुठवर पोचला, ते त्यात दिसतं.

“पहिल्याच पायरीवर अडकलाय.”

अंतरपाटाच्या पलीकडून प्रसादचा आवाज आला, “आपलं लग्न चालू आहे ना?”

पहिल्या रांगेतल्या काकू खो खो हसल्या.

अक्काने गेटवेचा पत्ता वाचला आणि थांबली. “हा हॉलच्या राउटरचा पत्ता नाही. अण्णा, तुम्ही आपला राउटर आणलाय?”

आणला होता. नेट चांगलं मिळावं म्हणून, बिचाऱ्याने. टेबलाखाली लावला होता, पण हॉलकडून आलेली वायर चुकीच्या भोकात. त्यामुळे तो राउटर ‘बाहेर जायचा दरवाजा मीच’ असं सगळ्यांना सांगत होता, आणि त्याला स्वतःला बाहेरची वाट नव्हती.

“पंगतीला दोघं जण बसवतायत,” अक्का म्हणाली. “एक पानाशी नेतोय, एक भिंतीशी.”

कांजीवरमसकट ती टेबलाखाली गेली. पिवळ्या भोकातली वायर काढली, शेजारच्या निळ्यात लावली.

बाबा आले.

हॉस्पिटलच्या कॉटवर, डोक्याला फेटा. शेजारच्या पेशंटच्या हातात अक्षता. सिस्टरच्याही.

मंगलाष्टकं झाली. शेवटचं बाबांनी म्हटलं. बेसूर, पण एकही शब्द न चुकता. ते थांबले, आता फक्त ‘शुभमंगल सावधान’ राहिलं. गुरुजींनी ते म्हणून टाकलं, अक्षता पडल्या आणि मामा अंतरपाट काढायला लागले.

“थांबा,” अक्का म्हणाली. “बाबांचं ‘सावधान’ अजून यायचंय. वाटेत आहे.”

मामांनी हात आवरला, अख्खा हॉल लॅपटॉपकडे वळला.

आणि मग स्पीकरमधून बाबांचं आलं. लांबलचक, कापऱ्या आवाजात.

“साऽऽवधान.”

तेव्हा अंतरपाट दूर झाला. मी प्रसादकडे बघायच्या आधी लॅपटॉपकडे बघितलं. बाबा सिस्टरच्या अंगावर अक्षता टाकत होते.

आमच्या भाषेत त्या उशिराला लेटन्सी म्हणतात. आम्ही दिवसरात्र ती कमी करायला धडपडतो. त्या दिवशी सगळा हॉल तिच्यासाठी थांबला.

बाबा काठी घेऊन चालायला लागले, तेव्हा बंगळुरूला आले. स्टेशनवरून आमच्याकडे नाही, आधी अक्काच्या घरी. हातात पैठणी.

“मला बहीण नाही,” ते म्हणाले. “दिवाळीत भाऊबीजेला येऊ का?”

“या की. पण जेवण वेळेवर असतं आमच्याकडे, लॅग चालणार नाही,” अक्का म्हणाली.

नंतरच्या प्रत्येक भाऊबीजेला ते आले. मला म्हणायचे, “अक्का काय म्हणतेस? ती तुझी आत्या.”

अक्का डोळे मोठे करायची. “ऑफिसात आत्या म्हणालीस तर अप्रेझलच्या वेळी बघून घेईन.”

मी कधी म्हटलंच नाही.

गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि ती गेली. बाबा नाशिकहून आले, भाऊ म्हणून उभे राहिले. आजही आलेत. आता तिच्या यजमानांबरोबर गप्पा मारत बसलेत, दोघं तिच्यावरूनच हसतायत.

आता ऑफिस नाही, अप्रेझल नाही.

आत्या, मनापासून नमस्कार तुला.